नारिंगी कुंपण

नियम दोनशे अठरा, पोटकलम सहा:
गावच्या मालकीच्या जागेवर मद्य घ्यायचं असेल
तर चार फूट उंच कुंपण हवं,
आत शिरायला एकच तोंड, त्या तोंडाशी एक माणूस,
आणि ओतलेला थेंब कुंपणाबाहेर जाता कामा नये.

हा नियम झाला त्या हिवाळ्यात मीही सभेला होतो,
मागच्या रांगेत, हीटरला पाठ लावून.
हॉकीच्या सामन्यानंतर कुणीतरी
बर्फ सपाट करायचं यंत्र थेट तळ्यात घातलं होतं.
त्याचं नाव सगळ्या गावाला ठाऊक,
इतिवृत्तात मात्र ‘एक व्यक्ती’.
सात हात वर गेले. गुंटर श्मॉल्त्झचा सगळ्यात उंच,
आणि ती व्यक्ती त्याच्याच घरात झोपलेली.

तेव्हापासून कुंपण माझ्या ताब्यात.
नारिंगी प्लास्टिकची जाळी, पन्नास मीटरचं भेंडोळं,
बर्फ अडवायला आणलेली, आता माणसं अडवते.
लग्नं, बेसबॉल, अग्निशमन दलाची जेवणं,
मी खुंट्या ठोकतो, रात्री अकराला उपटतो.
सस्कॅचेवानमध्ये मी गुरंही राखली आहेत.
गुरं काय, पाहुणे काय,
जाळीची सवय व्हायला अर्धा तास पुरतो.

जूनमध्ये मेट्रो पावलिक कार्यालयात आला.
वय एक्याऐंशी, टोपी हातात.
तळ्याकाठी तेक्लाच्या नावाचं बाक आहे,
म्हणाला, शनिवारी तिथे बसून
एक ग्लास वाईन घ्यायची आहे.
तिनेच केलेली, चोकचेरीची, शेवटची बाटली.
पन्नास वर्षं झाली असती.

खिडकीपलीकडे लोर्ना क्विग, नाकासमोर चालणारी बाई.
तिने अर्ज सरकवला.
कार्यक्रमाचं स्वरूप: लग्नाचा वाढदिवस.
अपेक्षित उपस्थिती: एक.
खोडून, दोन.
मग लोर्नाकडे बघून पुन्हा एक.

थर्मासमधून पी की, मी त्याला बाहेर गाठून म्हटलं,
कोण बघतंय?
तो म्हणाला, ती बावीस वर्षं इथली ग्रंथपाल.
पुस्तक उशिरा गेलं तर स्वतःचा दंड स्वतः भरायची.
पाच सेंट असला तरी.
यावर मी काय बोलणार.

शनिवारी बारा मीटर जाळी पुरली. खुंट्या चार.
बाक आत, मेट्रो आत, तळं बाहेर.
आणि तोंडाशी, सुट्टीच्या दिवशी,
चर्चला जायच्या कपड्यांत, घडीची खुर्ची टाकून, लोर्ना.
‘एक माणूस’ लिहिलंय ना, म्हणाली.
मग त्याच्याकडे वळून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता:
ओळखपत्र?
मेट्रो इतका हसला
की त्याला बाकाची पाठ धरावी लागली.

त्याने दोन ग्लास भरले.
एक घोटाघोटाने प्यायला, तोंड वाकडं करत.
साखरेचा अंदाज तिला कधी आलाच नाही, म्हणाला,
एकोणपन्नास वर्षं मी ‘छान’ म्हणत आलो.
दुसरा ग्लास बराच वेळ मांडीवर.
मग बाकाच्या पायाशी
हळूच जमिनीवर रिकामा केला.

तिथे उतार आहे तळ्याकडे.
खालचे पाईप मीच घातलेत, मला ठाऊक आहे.
पाणी कुठून कुठे जातं, किती वेळात.
लाल ओल जाळीखालून सरकत
बाहेरच्या गवतात गेली, एक वीत, दोन वीत.
मी लोर्नाकडे पाहिलं.
लोर्ना तळ्याकडे पाहत होती.
वारा सुटलाय, म्हणाली.
पान हलत नव्हतं.

अकरापर्यंत परवानगी होती,
तो साडेनऊला उठला, उजेड अजून शाबूत असताना.
ग्लास रुमालात गुंडाळले. दोन्ही.

अहवालात एक रकाना असतो: उल्लंघन आढळल्यास.
मी लिहिलं,
जाळी बारा मीटर, खुंट्या चार, सर्व परत जमा.
एक खुंटी किंचित वाकली आहे.