रिकाम्या हाती

पहाटे निघताना विळा घेते.
मूठ सैल, धार कधीच गेलेली.
पण बाईच्या हातात विळा दिसला
की कुणी विचारत नाही,
"कुठी चालली वो पंचफुला?"

नागपूरच्या डॉक्टरीण बाईनं सांगितलं,
रोज अर्धा तास चालत जा.
मी म्हटलं, "जलमभर चालतच आली न बाई.
वावर दोन कोस, डोक्यावर पऱ्हाटीचा भारा,
कमरेले पोट्टं."
ती म्हणाली, ते काम झालं, मावशी.
आता नुसतं चाला.

नुसतं.
आर्वीची गाडी येईपर्यंत
हा शब्द सुपारीसारखा गालात धरला.
फुटेना.

डाव्या बाजूला झंपर आता सपाट.
सुनेनं आत ज्वारीची पुरचुंडी शिवून दिली होती,
उंदरांच्या भीतीनं उसवली;
आता जुन्या लुगड्याची घडी.

"चाललं तर परत येत नाही काय?"
तिनं खोटं सांगितलं नाही.
धोका कमी होतो, म्हणाली.
शंभर चालणाऱ्या, शंभर बसणाऱ्या,
तर चालणाऱ्यांतल्या थोड्या जास्त जणी उरतात.
कोणत्या, ते नाही सांगता येत.

कॅनॉलच्या पाळीवर मी त्यांना शोधते.
पुढं कुणी नाही. मागं एक कुत्रं.

दुर्पता कधी बसली होती?
विटांची पाटी, निंदण, वेचणी,
सणाच्या दिवशीही पाय दुमडले नाहीत तिनं.
चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली, होळीच्या आधी.
तिचं चालणं कुठं मोजलं गेलं,
हे विचारायचं राहिलंच.

तेव्हा घरोघरी संडास नव्हते.
सात-आठ जणी अंधारात डबे घेऊन निघायचो.
विंचू होते. बॅटऱ्या मारणारी टोळकी होती.
ते दिवस परत नकोत कुणालाच.
पण त्याच अंधारात दुर्पता म्हणाली होती,
"इथं काही लागते, पाह्य बरं."
मी हात लावला. चण्याएवढं.
म्हटलं, दुधाची गाठ असंल, जाईल.

पुढं माझ्या बोटांना माझं सापडलं
तेव्हा चणा काय असतो ते बोटांना ठाऊक होतं.
मी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसले.

आता दार लावून एकेकटीनं जायचं,
एकेकटीनं यायचं.
बरं आहे. स्वच्छ आहे.
गाठी ज्याच्या त्याच्या घरात.

परवा पाळीवर नलू भेटली,
पाटलाच्या इकडची सून.
हातात दुधाची बरणी, झाकण उघडं,
आत थेंब नाही.
तिनं माझ्या विळ्याकडं पाहिलं,
मी तिच्या बरणीकडं.
दोघींनी काही विचारलं नाही.
पुलापर्यंत बरोबर गेलो.
तिला दम लागला, मला हसू.

काल बुधवारच्या बाजारात
मालकानं लोहाराकडून विळा धार लावून आणला.
"एवढी जातेच त गवत आणत जाय," म्हणाले.
मनानं बिचारे चांगले आहेत.

आज विळा चुलीमागं ठेवला.
मोकळ्या हातांचं काय करायचं ते कळेना,
पदरात गुंडाळले, सोडले,
मग ते आपोआप हलायला लागले.
डावा अजून कानाच्या वर जात नाही.

पाराजवळ अजाबराव दातून करत बसलेले.
"कुठी चालली वो?"

"कुठीच नाही," म्हटलं,
आणि थांबले नाही.