तळाला विचारून

शिशाच्या वजनाला बुडाशी एक खळगा आहे.
सोआझिग त्यात खारं लोणी भरते,
न्याहारीच्या पावावरचं उरलेलं,
आणि कडेवरून दोरी सोडते.
वर आलेलं बोटाने चाचपते.
रेती : चालेल.
शिंपल्यांचा चुरा : पुढे चल.
काळा चिखल, मऊ, नासक्या अंड्याच्या वासाचा :
इथून नांगर उपटायला बैल लागतील,
ती खूश होऊन म्हणते.

खोली मोजायचं यंत्र आहे आमच्याकडे.
ते आकडा सांगतं. तिच्या मते
आकड्यावर कुणी झोपत नाही.

सोमवारी वारा पश्चिमेचा,
म्हणून उआत बेटाची पूर्वेकडची लांब वाळू.
उआत म्हणजे बदक, आमच्या आज्यांच्या भाषेत,
आणि पलीकडचं ओएदिक, बदकाचं पिल्लू.
बदकाच्या पंखाखाली शिरलो तर
आधीच साठ-सत्तर होड्या,
एकीच्या पोटात गाणी.
सोआझिगने मान हलवली.
वारा फिरला तर यांच्यातल्या निम्म्यांना
आपला नांगर कुठे टाकलाय तेही आठवणार नाही.
मी म्हटलं, पाणी हिरवं आहे,
वर गावात पाववाला आहे,
आणि माझे गुडघे दुखतायत.

राहिलो. पावणेतीनला वारा फिरला.
पूर्वेची लाट सरळ आत,
भांडी कपाटात बोलायला लागली,
आणि आमचा नांगर, नावाला जागून,
तळ नांगरत निघाला,
मागे मागे, एक लांब सरळ तास काढत.
पायजम्यावर शीड चढवलं आम्ही,
एक एकसष्ट वर्षांची, एक चौसष्ट.
सोआझिग काहीच बोलली नाही.
ते न बोलणं मी
लहानपणापासून ऐकत आलेय.

तिच्या वहीत प्रत्येक थांब्याला दोन ओळी :
कुठला वारा नको, जवळपास काय आहे.
"नैर्ऋत्य नको. नळ आहे. पिवळ्या दारातली बाई अंडी देते."
"उत्तर नको. कुत्रा."
"सगळे वारे चालतात. काहीच नाही. परत यावं."
उआतपुढे त्या पहाटे तिने
फक्त माझं नाव लिहिलं.

मंगळवारी जागा तिने निवडली.
पेनेर्फ नदी, खडकांमधून आत,
संध्याकाळी सहाला, उधाणाच्या भरतीवर.
दोरी तीनदा सोडली. तिन्हीदा काळं लोणी.
आमच्या होडीला तळाशी दोन पाय आहेत,
पाणी गेलं की ती गाईसारखी बसते.
रात्री एकदा टेकलो, एकदा तरंगलो,
कळलंसुद्धा नाही.

सकाळी दहाला कुणीतरी होडीचं अंग ठोठावलं.
बाहेर पाणी नव्हतं. मैलभर चिखल,
त्यात मांड्यांपर्यंत रबरी बूट घातलेला माणूस.
झिल्दास, त्याने आधी नाव सांगितलं.
मग म्हणाला, बाई,
तुमचा डावा पाय माझ्या कालवांवर आहे.
हद्दीची काठी हिवाळ्यात मोडली,
नवी रोवायची राहिली, चूक माझीच,
पण पाय तुमचा.

सोआझिग शिडीवरून उतरली, बुटांशिवाय.
वाकून दोघांनी मोजली, फुटलेली अकरा.
तिने पाकीट काढलं. तो नको म्हणाला.
तेवढ्यात त्याला शिशाचं वजन दिसलं,
खळग्यातलं लोणी दिसलं,
आणि तो इतका हसला
की दोन बगळे उठून दूर जाऊन बसले.
माझ्या आजोबांनंतर, म्हणाला, पहिल्यांदाच.
पण तुम्ही, बाई, तळाला विचारलंत,
मालकाला नाही.

मग उरलेलं लोणी आणि शिळा पाव मी आणला,
त्याने खिशातली सुरी.
फुटलेली आधी खायची, तो म्हणाला,
ती थांबत नाहीत.

"पेनेर्फ, उजवा काठ," सोआझिगने लिहिलं.
"सगळे वारे चालतात.
चिखल, उत्तम. झिल्दासचा."
चिखलाचे पाय होडीवरून खाली सोडून
मी तिच्या शेजारी बसले.
पाणी यायला अजून पाच तास होते.