आत ओढलेला होकार

पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा
ऑक्सिजन मागवला
अल्गोतसाठी.

झोप लागली का, विचारलं
तर ओठांचा चंबू करून
त्यानं हवा आत ओढली, श्शुप्,
रिकाम्या कपातून
चहाचा भुरका मारावा तशी.
दुखतंय का इथे? श्शुप्.
मुलीला कळवू? श्शुप्.
मी नाडी धरली, बोटाला चिमटा लावला.
आकडा अठ्ठ्याण्णव.
यंत्रच बिघडलं असेल म्हणून
दुसरं मागवलं.

मी ल्युबेकची, बदलीवर आलेली,
शेलेफ्तेओच्याही वर, जिथे डिसेंबरात
दुपारी दोनला दिवे लागतात.
भाषा नीट शिकून आले होते,
क्रियापदं तोंडपाठ, प्रमाणपत्र बॅगेत.
आणि फुप्फुसांतलं तर
मला बऱ्यापैकी कळतं
असा समज होता.

अल्गोतनं तिन्ही वेळा मास्क लावू दिला.
प्लॅस्टिकच्या वरून बघत राहिला माझ्याकडे,
पोर भलत्याच फांदीवर चढताना
एखादा म्हातारा बघतो
आणि बोलत नाही, तसा.

चौथ्यांदा मी नळाकडे हात नेला
तेव्हा रात्रपाळीची त्सिगे म्हणाली,
डॉक्टर, तो हो म्हणतोय.

नुसतं हो.

माझी आत्या असंच म्हणायची, गोंदरला.
मिरचीचा भाव पटला की
त्सिगेनं करून दाखवलं:
तोंड किंचित उघडं, छातीत एक हिसका,
जणू पायाखाली मांजर आलं.
आमचा दचकलेला असतो, म्हणाली,
यांचा गार.
मी इथे आले तेव्हा
बर्फ, अंधार, उकडलेले बटाटे,
कशाशीच ओळख नव्हती.
बसमध्ये एक बाई मैत्रिणीचं ऐकता ऐकता
श्वास आत घेऊन हो म्हणाली
आणि मी माझ्या थांब्यावर
उतरलेच नाही.

इथले म्हणतात, थंडीमुळे.
तोंड जास्त उघडायला नको म्हणून.
मग गोंदरला कसली थंडी होती,
त्सिगे विचारते,
आणि चादरीची घडी मोडून परत घालते.

आणि नाही कसं म्हणतो?
नाही तो म्हणत नाही.
नदीकडे बघतो.

तरुणपणी अल्गोत त्या नदीत ओंडके सोडायचा.
कोंडी झाली की लांब काठी घेऊन
पाण्यावरच्या लाकडांवर उभा राहायचा,
कुठला ओंडका हलवला की बाकीचे सुटतील
ते बघत.
पाण्याच्या आवाजात
कुणाला कुणाचं काय ऐकू जाणार.

जानेवारीत मुलगी आली, गुनवोर,
तीस वर्षं माल्मोत राहिलेली,
बोलण्यात दक्षिणेचे गोल स्वर.
कागद पुढे होते. पोटात नळी घालायची का.
मी विचारलं.
अल्गोतनं मान वळवली.
नदी गोठलेली, पांढरी,
तिच्यावर स्नोस्कूटरचे दोन चरे.
मी पुन्हा विचारणार होते, मोठ्यानं,
म्हाताऱ्यांशी आणि परक्यांशी
सगळेच बोलतात तसं.
त्सिगेनं माझ्या कोपराला
दोन बोटं लावली.
मी थांबले. किती वेळ, ठाऊक नाही,
रेडिएटर एकदा कुरकुरला.

घरी जायचंय?
श्शुप्.
आणि त्याच्या मागोमाग, पर्स चाचपताना,
स्वतःच्याही नकळत
गुनवोर: श्शुप्.

नळीच्या कागदावर रकाने दोनच होते.
मी 'नाही'वर खूण केली.
कारणाच्या ओळीत काय लिहावं
ते सुचलं नाही.

मार्चमध्ये आईचा फोन.
जेवलीस का?
माझे ओठ आपोआप मिटले
आणि हवा आत गेली.
दम लागलाय का गं तुला,
आई घाबरली,
जिना चढत होतीस? छातीत काही?
नाही म्हणायला
मी खिडकीकडे बघितलं.
नदीवर कडेला काळं पाणी दिसायला लागलं होतं.
बघतच राहिले,
आणि तिकडे आई,
हॅलो, हॅलो.