ओळखणाऱ्याचं नाव

पहिला प्रश्न सोपा असतो.
मागच्या तंगडीच्या टोकाशी
हलणारी नखी आहे का?
नसेल, तर हे घराणं तुमचं नव्हे,
डबी बंद करा.

आहे.
कोंबड्याच्या नखीसारखी, पण चपटी,
काठाला दातांची बारीक ओळ,
सुईने ढकलली की दारासारखी फिरते.
चार मिलिमीटरचा जीव
आणि त्याला बिजागरी.

काय करता, विचारलं कुणी, तर तुडतुडे, म्हणते.
भाताचे ना? फवारतात ते?
भाताचे दोन-तीन. बाकी सगळे गवताचे.
हरळीचा वेगळा, लव्हाळ्याचा वेगळा,
आरेतल्या म्हशींसाठी लावलेल्या पॅरा गवताचा वेगळा.
देठात सोंड रुतवून बसतात जन्मभर.
नर पोट थरथरवतो, मादी देठातूनच ऐकते,
हवेत काही ऐकू येत नाही.

गवत कोवळं, तर पंख आखूड. कशाला हवेत?
दाटी झाली, देठ वाळू लागले
की त्याच आईच्या पोटी लांब पंखांची पोरं.
असल्या भावंडांना वेगवेगळ्या जाती समजून
नावं देऊन बसलेत लोक.
मीही बसले होते एकदा. मॅडमनी लाल पेनाने खोडलं.

सतरा नंबरच्या खणात
त्रिकोणी कागदाच्या टोकाला चिकटवलेला एक नर.
खाली टाचणीला चिठ्ठी, शाई चहासारखी झालेली:
मरोळ. भाताचं खाचर, कंदिलाशी.
११ ऑक्टोबर १९५८. फ्रे. मिस्किटा.
जात कळते ती नराच्या शेपटाकडच्या अवयवावरून,
पोटॅशमध्ये उकळून, ग्लिसरीनच्या थेंबात उलटंपालटं करून.
कुणीतरी नेमकं तेवढंच कापून नेलं
आणि परत ठेवलं नाही.
आता नखी आहे, पंख आहेत, डोकं आहे,
आणि पुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह.
ते माझ्या आधीचं आहे.

म्हणून ऑक्टोबरात मरोळला गेले.
खाचर कुठे होतं ते विचारण्यातही अर्थ नव्हता.
मेट्रोचा खांब, टाइल्सचं दुकान, क्लिनिक,
आणि नाक्यावर एटीएम, दुधासारखी ट्यूब.
काचेवर डास, चिलटं, एक भुंगेरा,
आणि छपरासारखे पंख मिटून
ती.

नळी तोंडात धरून ओढणार,
तेवढ्यात मागून वॉचमन.
कार्ड अटक गया क्या, मॅडम?
मी बोट दाखवलं.
त्याने चष्मा कपाळावर चढवला, वाकला,
पाच सेकंदही नाही लागली.
फुदका है. धान में लगता है.
मग काचेबाहेर बघत म्हणाला,
यहाँ धान कहाँ से आया?

रामसजीवन, बलियाचा. अकरा वर्षं नाइट ड्यूटी.
म्हणाला, नाल्यापाशी पत्र्यामागे घास आहे,
दिवाळीच्या आसपास तिकडूनच येतात हे,
आठ दिवस राहतात. मी झाडून टाकतो सकाळी.
अकरा वर्षं झाडून टाकतो सकाळी.

लॅबमध्ये नखी तपासली. आहे.
लांब पंख. मादी.
मादीवरून इथवरच जाता येतं,
पुढच्या पानावर सगळे प्रश्न नराला.
वाईट वाटून घ्यायचं नसतं, पुस्तकाचा दोष नाही.

चिठ्ठी लिहायला घेतली, शून्य पाच निबचं पेन:
मरोळ. बँकेच्या काचेवर, ट्यूबलाइटशी.
खाली दुसऱ्या चिठ्ठीवर जातीचं नाव असतं
आणि ते ओळखणाऱ्याचं.
जातीची जागा कोरी ठेवली.
ओळखणारा: रा. स. यादव.

मॅडम विचारतील हे कोण, कुठल्या विद्यापीठाचे.
विचारू देत.
त्याला पत्र्यामागचं गवत एक मूठ आणायला सांगितलंय,
मुळासकट, ओल्या पेपरात.
देठांत आखूड पंखांचा एखादा नर असला तर.