पुठ्ठ्यावरचा नकाशा

पहाटे सहाला व्हिसोचिनाच्या पठारावर धुकं.
एव्झेन एकटाच शेतात उतरतो, रबरी बुटांत,
पाय घासत नाही, घाई करत नाही,
वीसेक पावलांनी एकदा वाकतो
आणि टाचेच्या खळग्यात ठेवतो
नखाएवढा सॉसेजचा तुकडा.
उजवं पाऊल जरा जास्त रुततं. गुडघ्याचं जुनं दुखणं.
एकतीस वर्षं तो मोजणी खात्यात होता,
इथल्या प्रत्येक बांधाला त्याची साखळी लागलेली.
नाकासमोर चालणारा माणूस,
त्याच्या वाटा तेवढ्या काटकोनात वळतात.

मी आणि दोर्का गाडीत.
वाट जुनी व्हावी लागते, वास मुरावा लागतो.
थर्मासमध्ये चहा,
काचेवर तिच्या श्वासाचा गोल.

परत येऊन तो मला नकाशा देतो
बिअरच्या पुठ्ठ्यामागे, टोकदार पेन्सिलीनं:
ऐंशी पावलं सरळ, मग विजेचा खांब नजरेत धरून डावीकडे,
इथे चामडं, इथे लाकूड, शेवटी नमदा.

मी तिला शिकवलं काय?
नाक तिचंच होतं.
मी फक्त तिच्यातली घाई काढून घेतली,
ससा विसरायला लावला, कावळे विसरायला लावले,
आणि वस्तू सापडली की तिथेच आडवं व्हायचं,
पुढच्या दोन पायांत ती धरून.
एवढ्यात दोन हिवाळे गेले.

ऑक्टोबरात, गव्हाच्या कोवळ्या कोंबांत,
दुसऱ्या कोपऱ्यावर ती उजवीकडे वळली.
पुठ्ठा म्हणत होता डावीकडे.
मी दोर आखडली. नाही, म्हणाले.
तिनं वळून पाहिलं,
शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकदा खिरीत मीठ घातलं
तेव्हा पोरं बघत होती, तसं.
मग आली माझ्यामागे, नाक वर करून,
नुसती फिरायला निघाल्यासारखी.
डावीकडे काहीच नव्हतं.
तीन वस्तू शेतानं गिळल्या.
लक्ष नाही आज कुत्रीचं, एव्झेन म्हणाला.
नाही ना, मीही म्हणाले.
घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

त्याच्या पुढच्या रविवारी मी पुठ्ठा खिशात घातला
आणि दहा मीटर दोर सगळी सैल सोडली.
ती उजवीकडे.
शिवणीतून सुई जावी तशी,
आत, बाहेर, आत,
चाळीस पावलांवर आडवी झाली.
पायांत चामडं. मग लाकूड. मग नमदा, दवानं भिजलेला.
तेव्हा कुठे मी खाली पाहिलं:
कोंब वाकलेले,
एक पाऊल उथळ, एक पाऊल खोल.
दीड महिना माझ्या डोळ्यांदेखत
जमिनीवर लिहिलेलं होतं ते
आणि मी पुठ्ठा वाचत होते.

गाडीपाशी एव्झेन उभा होता,
शेताकडे असं बघत
जणू कुणी परकं त्यातून चालून गेलंय.
बरोबर होतं ना? त्यानं विचारलं.
तंतोतंत, मी म्हणाले.
त्यानं पेन्सिल कोटाच्या आतल्या खिशात ठेवली,
बटण लावलं,
मग पुन्हा उघडून बघितलं, आहे ना.

एप्रिलमध्ये स्पर्धा झाली, अनोळखी माणसानं टाकलेल्या वाटेवर.
तिथे पुठ्ठा नसतो.
ब्याण्णव गुण.
आठ गेले ते एका कोपऱ्यावर,
ते माझे. सवयीनं दोर आखडली.
पंचांनी कागदावर लिहिलं, कुत्रीचा दोष नाही.
दोर्काला ते वाचून दाखवलं मी.

रविवारी वाट अजून तोच टाकतो.
पुठ्ठे मी घेते, आभार मानते, ओट्याच्या खणात ठेवते;
छत्तीस झालेत, सगळे काटकोनात, सुबक अक्षरात.
या आठवड्यात त्यानं विचारलं,
हिचं नाव काय म्हणालीस?
दोर्का, मी सांगितलं.
छान आहे, तो म्हणाला.
ती तोवर त्याचे बूट हुंगत होती,
आधी उजवा.