ट्रेसिंग पेपर

चिंचवडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
गिअरबॉक्स काढले मी, कागदावर.
ग्रीस कधी लागलं नाही बोटांना.
तेव्हा स्वयंपाकघर ते काय,
दहा फूट बाय आठ,
एक खिडकी, एक नळ, गॅसचा एक पाइप.
दुपारच्या चहापर्यंत संपेल, म्हटलं.

गेवरचंद सुथार टेप लावून गेला होता.
साहेब, स्टँडर्ड टाकू? सगळे तेच टाकतात,
खाली ट्रॉल्या, वर कपाटं, आठ दिवसांत मोकळे.
मी म्हटलं, नकाशा मी देतो.
धनकवडीच्या तिसऱ्या मजल्यावर
माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड उतरवला,
टी-स्क्वेअरवरची धूळ लेंग्याला पुसली

आणि पहिल्याच रेघेला अडलो.
हेमलता, डाळींचे डबे किती?
कुठल्या डाळींचे?
बरं, रोज कोणते काढतेस?
रोज म्हणजे सकाळी की रात्री?
मिसळणाचा डबा कुठे असतो गं?
तिने माझ्याकडे पाहिलं,
नव्या पोस्टमनकडे पाहावं तसं.

मग एक सकाळ दारात स्टूल टाकून बसलो,
वही, पेन्सिल.
पोळ्या होईपर्यंत एकशे अठ्ठावीस पावलं,
सहादा वाकणं,
दोनदा चवड्यांवर उभं राहून
साबुदाण्यामागचा गूळ.
एकदा म्हणाली, ते स्टूल द्या इकडे.
चढली, उतरली, परत दिलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दिसलं.
सुरी डाव्या हातात.
कोथिंबीर, कांदा. मग चिमटा, तोही डाव्या.
पोळी तव्यावर टाकताना अंग असं वळलेलं,
जणू पीएमटीत मागच्या सीटवरच्याला
सुट्टे पैसे देतेय.

तू डावखुरी आहेस?
फक्त स्वयंपाकात, ती म्हणाली.
जेवते उजव्याने, वाढते उजव्याने, सही उजव्याने.
माहेरी लाटणं खाल्लंय हातावर त्यासाठी.
इथे आत कुणी बघायला आलं नाही,
म्हणून राहिला.

लग्नाला चौतीस वर्षं झाली.
कारखान्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक
मी लांबून ओळखायचो.

रात्री ट्रेसिंग पेपरच्या पिना काढल्या
आणि कागद पालथा घातला.
बस, एवढंच.
शेगडी इकडे आली, भांड्यांची ट्रॉली तिकडे,
मिसळणाचा डबा डाव्या कोपराखाली.
अक्षरं तेवढी उलटी झाली,
'तांदूळ' आरशात वाचावा लागला असता.

सिंक मात्र हलेना.
त्याचा पाइप बोकिलांच्या छतातून जातो
आणि बोकील सोसायटीचे सेक्रेटरी.
तिथे चूक राहणार, सव्वादोन पावलांची.
लाल पेन्सिलीने लिहून ठेवली. लपवली नाही.

नकाशाच्या कोपऱ्यात रकाने असतात,
रेखाटन, तपासणी, मंजुरी.
पहिल्यात माझं नाव.
सकाळी कागद तिच्यासमोर धरला.
हात कणकेत. तिने तो वाचला, म्हणजे
हवेतच डबा उघडला, चमचा घेतला, झाकण लावलं,
वळली, कुकर उतरवला,
थांबली, पुन्हा पहिल्यापासून केलं सगळं.
मग म्हणाली, गूळ खाली घ्या.
आणि तुमचा चहा तुम्ही करणार असाल
तर साखर कुठे ते आत्ताच बघून ठेवा,
तुम्हाला आता सगळं उलटं पडणार आहे.

तेवढ्यात गेवरचंदचा फोन.
साहेब, बिजागऱ्या कुठल्या बाजूला?
मी म्हटलं, थांब,
आणि फोन तिच्या कानाशी नेला.
कणकेचा ठिपका
वाळून बसलाय अजून काचेवर.