टाच

तिची टाच माझ्या करंगळीच्या नखाएवढी.
तिच्यावर सात खपल्या. मी मोजल्या,
रात्री, काचेला कपाळ टेकून.

टाचणी टोचायची, थेंब काढायचा,
थेंबात बघायचं, औषध किती उरलंय.
औषध म्हणजे कॉफीतलंच ते, जागं ठेवणारं.
श्वास घ्यायचा विसरते ती,
म्हणून आतून कुणीतरी हलवत राहायचं.
हे ऐकून साइला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली,
टाके दुखेपर्यंत:
"आपल्याच घरची आहे."

हिल्का, रात्रपाळीची, म्हणाली,
हिच्या अंगात सगळं मिळून रक्त किती,
तर तुमच्या हातातल्या कपात अर्धा कप.
मी कप खाली ठेवला.

मंगळवारी विद्यापीठातून टूक्का आला,
दाढी नीट न फुटलेला.
वाटाण्याएवढ्या दोन चकत्या, मधे तार,
आणि वीज इतकी बारीक
की तिच्या पापणीलाही कळू नये.
म्हणाला, हिची कातडी अजून पुरी झालेली नाही,
आतलं बाहेर झिरपतं, पाणी, ऊब, सगळंच.
त्या झिरपण्यातच औषध मोजायचं.
टोचायचं नाही.

मी कागदाच्या गिरणीत असतो.
धावत्या कागदातली ओल
हात न लावता मोजतो, एकोणीस वर्षं.
त्याला सांगितलं तसं. तो खूश झाला, म्हणाला, तेच हे!
तेच नाही.
कागद फाटला तर आम्ही दुसरा सुरू करतो.

नोव्हेंबरात औलूला दिवस उगवतो न उगवतो.
मी आकड्यावर उजाडवायचो.
टूक्का पडद्यावर बोट ठेवायचा,
मी वहीत लिहायचो, साइला दूध काढता काढता विचारायची,
किती?
पाटीवर नाव नव्हतं अजून. मुलगी, ७९० ग्रॅम.
नाव बारशापर्यंत तोंडातच ठेवायचं असतं आमच्यात.

सतराव्या दिवशी आकडा घसरला.
अठराव्या दिवशी आणखी.
मी धावत हिल्काला गाठलं,
औषध संपतंय तिच्यातलं, बघा ना!
टूक्का तारा तपासत बसला,
चकत्या बदलल्या, पुन्हा बदलल्या,
मग नुसताच बसला, कान लाल.

हिल्कानं मुलीच्या पोटावरून बोट फिरवलं,
कणीक मळून झाली का बघावं तसं.
"यंत्र ठीक आहे," ती म्हणाली.
"कातडी मिटली हिची.
आता ही तुम्हाला काही सांगायची नाही."

टूक्कानं वहीत रेघ मारली.
त्याचा तोटा झाला होता, तरी
जाताना माझा हात दोनदा दाबला त्यानं.

चकतीच्या जागी गोल गुलाबी खूण राहिली.
खात्री म्हणून एकदाच, शेवटचं,
हिल्कानं टाच हातात घेतली. टाचणी.

ती रडली.
काचेतून ऐकू आलं.